तुणतुणें व वीणा : बारामती-इंदापूर प्रांतांतील एका तारेचा विचार

पोवाडे व लावण्या यांचीं बाडें जमविणाऱ्या संग्राहकांस एक अनुभव नेहमीं येतो. बाड हातीं येतें. कसरीनें खाल्लेल्या पानांतून मोडी किंवा बाळबोध अक्षर लागतें. कडव्यांचा अनुक्रम जुळतो. शेवटीं कवीची नाममुद्रा सांपडते, आणि एक जुनें काव्य हस्तगत झालें असें समाधान वाटतें. परंतु तें काव्य ज्या सुराच्या आधारानें म्हटलें जात असे, तो सूर त्या पानावर कोठेंहि नसतो. मथळ्यावर क्वचित् ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या पदाचे दोन शब्द असतात, ध्रुपदाच्या जागीं ‘ध्रु’ एवढें अक्षर असतें, आणि झील धरणारे काय म्हणत हें लिहिणारानें बहुधा गाळलेलें असतें. कारण तें त्या काळीं सर्वांस ठाऊक होतें. सर्वांस ठाऊक असलेली गोष्टच प्रथम नाहींशी होते, हा इतिहाससंशोधनांतील जुना धडा आहे.

प्रस्तुत लेखांत या गाळलेल्या भागाचा, म्हणजे शाहिराच्या मागें वाजणाऱ्या एका तारेचा, विचार करावयाचा आहे. क्षेत्र म्हणून पुणें जिल्ह्यांतील बारामती व इंदापूर हे दोन तालुके घेतले आहेत. या भूमींत दोन तारा एकमेकींच्या शेजारीं वाजत आल्या: एक गोंधळी, वाघ्या व शाहीर यांच्या तुणतुण्याची, आणि दुसरी वारकऱ्यांच्या व हरिदासांच्या वीणेची. दोन्ही तारांचें काम एकच, सूर धरून ठेवणें. परंतु एकीस आचाराचें कवच मिळालें व दुसरीस तें मिळालें नाहीं. म्हणून आज एक निर्धास्त आहे आणि दुसरी एखाद्या तरुण वादकाच्या हातावर कशीबशी तगून आहे. हा तरुण वादक संग्राहकांनीं अस्सल कागदाच्या योग्यतेचा मानावा, एवढेंच आमचें सांगणें आहे. त्याचीं कारणें पुढें क्रमानें देतों.

१. तुणतुण्याची घडण

तुणतुणें हें दिसावयास अगदीं साधें वाद्य आहे. लांकडाचा ओंडका आंतून कोरून वीतभर किंवा त्याहून कांहींसें अधिक उंचीचें पोकळ नळकांडें करितात. क्वचित् तें पितळेचें किंवा पत्र्याचेंहि असतें. त्याचें खालचें तोंड पातळ कातड्यानें मढवितात व वरचें उघडें ठेवितात. नळकांड्याच्या बाहेरील अंगास एक काठी पक्की बसविलेली असते. ती वर निघालेली असून तिच्या शेंड्याजवळ खुंटी असते. कातड्याच्या मध्यभागीं बारीक छिद्र पाडून त्यांतून तार ओंवितात, आणि ती कातडें फाडून वर येऊं नये म्हणून तिच्या खालच्या टोंकास चकती किंवा गांठ ठेवितात. तार पोकळींतून वर येऊन खुंटीस गुंडाळली जाते. वाजविणारा वाद्य काखेशीं किंवा हातीं धरून लांकडाच्या लहानशा तुकड्यानें अथवा बोटानें ही तार छेडितो.

या घडणींत एक मर्म आहे. सतारींत किंवा तंबोऱ्यांत तार घोडीवरून जाते व घोडी भोपळ्याच्या तबकडीवर टेंकलेली असते. तेथें तबकडी ताठ, म्हणून तारेचा ताण सहसा ढळत नाहीं. तुणतुण्यांत तार प्रत्यक्ष कातड्यासच ओढून धरीत असते. तारेचा ताण वाढला कीं कातडें वर ताणलें जातें. कातडें सैल पडलें कीं तारेचा सूर उतरतो. पावसाळी हवेंत कातडें ओल घेतें, तेव्हां वादकास वाद्य उबेस धरावें लागतें आणि खुंटी वारंवार पिळावी लागते. म्हणून तुणतुणें ‘लावलें’ म्हणजे काम संपलें असें होत नाहीं. रात्रभराच्या जागरणांत हवा पालटते, शाहिराचा गळा तापतो, आणि वादकानें दोहोंकडे कान ठेवून सूर सांभाळावयाचा असतो.

‘आपलेंच तुणतुणें वाजविणें’ असा वाक्प्रचार आपल्या भाषेंत आहे, व तो निंदेचा आहे. एकच गोष्ट पुनःपुन्हां सांगणारास उद्देशून तो योजितात. परंतु ज्याची निंदा भाषेनें केली तोच या वाद्याचा गुण होय. पोवाडा गाणारा शाहीर कडव्यांतून गद्यांत उतरतो, हांक देतो, श्रोत्यांशीं बोलतो व पुन्हां एकदम सुरावर चढतो. एवढ्या फिरण्यांत परत येण्याचें ठिकाण हललें नाहीं तरच हें साधतें. तें ठिकाण तुणतुणें दाखवितें. शिवाय तें नुसता सूर देत नाहीं, तर ठराविक आघातांनीं लयहि मोजीत असतें. म्हणून तंबोऱ्याचें व टाळाचें अर्धेंअर्धें काम हें एकच वाद्य करितें.

बारामती व इंदापूर या भागांत त्याचीं स्थानें तीन. पहिलें गोंधळांत, संबळाच्या जोडीस. दुसरें खंडोबाच्या जागरणांत, वाघ्या-मुरळीच्या दिमडी व घांटीबरोबर. कऱ्हेच्या वरच्या अंगास जेजुरी असल्यामुळें या कुळाचाराचा पगडा येथें मोठा आहे. तिसरें शाहिरी फडांत, डफ किंवा ढोलकीच्या मागें. देवीचें गाणें, खंडोबाचें गाणें आणि शृंगारवीरांचें गाणें या तिहींस सूर देणारें वाद्य एकच, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

२. तंतुवाद्य कीं चर्मवाद्य?

तुणतुण्याचेंच एक भावंड चौंडकें. यल्लम्मेच्या जोगत्यांच्या व देवीच्या आराध्यांच्या हातीं तें दिसतें. त्यांत काठी नसते. पोकळ पात्राच्या कातड्यांतून निघालेली तार किंवा तांत वादक दुसऱ्या हातानें ताणून धरितो आणि ताण कमीअधिक करून सूर चढवितो व उतरवितो. बंगालमधील बाउलांचें गोपीयंत्र व आनंदलहरी हीं याच घराण्याचीं.

या घराण्यास कोणत्या वर्गांत घालावें याविषयीं युरोपांतील विद्वानांत मतभेद झाला. एरिख फोन होर्नबोस्टेल व कुर्ट झाक्स यांनीं १९१४ साली वाद्यांचें जें वर्गीकरण प्रसिद्ध केलें, त्यांत अशीं वाद्यें ‘छेडावयाचे ढोल’ म्हणून चर्मवाद्यांत गणलीं गेलीं. तार केवळ कातडें हलविते, असा त्यांचा आशय. पुढें १९८१ साली लॉरेन्स पिकन यांनीं गोपीयंत्र व आनंदलहरी यांचा अभ्यास करून उलट मत मांडलें कीं येथें नाद उत्पन्न करणारी वस्तु तारच आहे, आणि कातडें हें तंबोऱ्याच्या तबकडीप्रमाणें तो नाद मोठा करितें. तुणतुण्याचें आचरण पाहतां हें दुसरें मतच ग्राह्य वाटतें. वादक सूर लावतो तो कातडें ठोकून नव्हे, तर तारेची खुंटी पिळून. आपल्या जुन्या शास्त्रांतील तत, अवनद्ध, घन व सुषिर या चार वर्गांपैकीं हें वाद्य तत वर्गांत बसतें, मग त्यास कातडें असो वा नसो.

३. ग्रंथांतील नांवांविषयीं सावधगिरी

एवढ्यावरून तुणतुण्याची वंशावळ प्राचीन ग्रंथांपर्यंत नेण्याचा मोह होतो. महाराष्ट्रास या बाबतींत एक मोठा आधार घरींच आहे. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ रचिला. त्याच्या वाद्याध्यायांत एकतंत्री, नकुल, त्रितंत्रिका, चित्रा, विपंची, मत्तकोकिला, आलापिनी, किन्नरी, पिनाकी अशा अनेक वीणांचें वर्णन आहे. शार्ङ्गदेव हिशेबाच्या अधिकारावर होता, आणि वाद्यांचीं मापें देतांना त्याची हिशेबी नजर स्पष्ट दिसते.

परंतु त्यांतील ‘एकतंत्री’ म्हणजे आपलें तुणतुणें नव्हे. ती लांब दांडीची व भोपळ्याची वीणा होती आणि तिच्यावर संपूर्ण राग वाजत असे. तुणतुण्यावर एकच सूर वाजतो. तारेची संख्या सारखी एवढ्यावरून दोहोंचें कूळ एक ठरविणें म्हणजे आडनांव सारखें म्हणून दोन घराणीं एक मानण्यासारखें आहे.

किन्नरीची गोष्ट निराळी आहे. ग्रंथांतील किन्नरीस भोपळे आहेत, दांडी आहे, आणि दांडीवर सारिका म्हणजे पडदे मेणाच्या लेपानें बसविण्याचें विधान आहे. महाराष्ट्रांतील डक्कलवार लोक जी किंगरी वाजवून आपल्या यजमान जातीच्या उत्पत्तीच्या कथा सांगत आले, आणि तेलंगणांतील डक्कली लोक जिला किन्नेरा म्हणतात, तिची घडण याच प्रकारची आहे. येथें केवळ नांव जुळतें असें नाहीं, तर घडणहि जुळते. म्हणून हा संबंध मानण्यास आधार आहे. तरीहि नाथपंथी भिक्षेकऱ्यांच्या हातीं ‘किंगरी’ याच नांवाचें गजानें वाजविण्याचें वाद्य आढळतें, हें विसरून चालणार नाहीं. एका नांवाखालीं दोन वाद्यें असतात व एका वाद्यास दोन नांवें असतात. तस्मात् नुसतें नांव हा पुरावा नव्हे. नांव, घडण व वाजविण्याची रीत हीं तिन्हीं जुळलीं पाहिजेत.

याच किन्नेऱ्याच्या इतिहासांतील अलीकडील एक प्रसंग आमच्या विषयास उपयोगी आहे. तेलंगणांतील दर्शनम मोगुलय्या हे बारा पडद्यांची किन्नेरा वाजविणारे पिढीजात कलावंत. त्यांस २०२२ साली भारत सरकारनें पद्मश्री दिली. सातशें वर्षांपूर्वींच्या ग्रंथांत ज्या घराण्याच्या वाद्याचें वर्णन आहे, तें वाजतें कसें हें अखेर एका माणसाच्या बोटांनीं सांगितलें. ग्रंथानें मापें जपलीं, नाद माणसानें जपला.

४. बारामती : मोरोपंत व राम जोशी

आतां बारामतीकडे वळूं. कऱ्हेच्या कांठचें हें गांव उत्तर पेशवाईंत नाईक जोशी या सावकार घराण्यामुळें भरभराटीस आलें. या घराण्यांतील बाबूजी नाईकांचे बंधु आबाजी नाईक यांस बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या भिऊबाई दिली होती, म्हणून पेशव्यांशीं त्यांचें नातेंहि होतें. बाबूजींच्या आश्रयास मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) येऊन राहिले आणि त्यांचा काव्यसंसार येथेंच झाला. आर्या हें वृत्त त्यांच्यामुळें बारामतीचें होऊन बसलें.

या पंडितकवीची गांठ एका तरुण शाहिराशीं पडल्याची हकीकत परंपरेनें सांगतात. तो शाहीर म्हणजे सोलापूरचा राम जोशी. शास्त्रीघराण्यांतला हा मुलगा लहानपणीं तमाशाच्या नादीं लागला, वडील भावाच्या रागास कारण झाला, घर सोडून पंढरपुरीं गेला व तेथें संस्कृत अध्ययन करून आला, असें त्याचें चरित्र सांगतें. पुढें त्यानें फडहि गाजविला व कीर्तनहि केलें. आणि मोरोपंतांच्या आर्या कीर्तनांतून लोकांच्या तोंडीं बसविण्याचें मोठें श्रेय त्याच्याकडे जातें. त्यास कीर्तनाकडे वळविण्यांत मोरोपंतांचा हात होता, अशी आख्यायिका आहे.

आख्यायिकेचें सर्व तपशील इतिहास म्हणून घेतां येणार नाहींत. परंतु तिचा मतितार्थ आमच्या विषयाशीं सरळ भिडतो. फडांत राम जोशाच्या मागें तुणतुणें होतें. कीर्तनांत त्याच्यामागें नारदपरंपरेची वीणा आली. गळा तोच, विद्या तीच, शब्दांवरील हुकमत तीच. बदलली ती मागची तार आणि तीबरोबर श्रोत्यांच्या मनांतील त्याची योग्यता. फडांतली तार हलकी व देवळांतली तार थोर, हा भेद सुराचा नव्हता, समाजाचा होता. संग्राहकांनींहि नकळत तोच भेद पाळला. पंतांच्या आर्यांचीं हस्तलिखितें जपून ठेवलीं गेलीं. शाहिरांचीं बाडें मागाहून, तींहि विस्कळित स्थितींत, हातीं आलीं. आणि त्या बाडांमागील तुणतुण्याची नोंद घेण्याचें तर कोणाच्या मनांतहि आलें नाहीं.

५. पालखीची वाट व वीणेचा आचार

बारामतीहून इंदापुरास जाणारी वाट ही तुकोबारायांच्या पालखीची वाट आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा यांनीं १६८५ साली हा सोहळा सुरू केला. आषाढीच्या आधीं पालखी उंडवडी गवळ्याची येथून बारामतीस येते. पुढें काटेवाडीस मेंढ्यांचें रिंगण होतें, बेलवाडीस गोल रिंगण होतें, आणि निमगांव केतकीवरून पालखी इंदापुरास जाऊन सराटीपाशीं नीरा ओलांडते. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे ज्या इंदापुराच्या लढाईंत पडले, त्याच गांवीं दरवर्षीं दिंड्यांचा मुक्काम पडतो.

प्रत्येक दिंडींत एक वीणेकरी असतो. त्याच्या गळ्यांतील वाद्यास वीणा म्हणतात खरें, पण तिला पडदे नसतात. घडणीनें ती तंबोऱ्याच्या कुळांतील आहे व तिचें काम सूर धरणें एवढेंच आहे. वाद्य म्हणून तिचें व तुणतुण्याचें कर्तव्य एकच. परंतु तिच्याभोंवतीं आचार किती बांधला आहे तो पहा. दिंडी वीणेकऱ्याच्या अनुरोधानें चालते. वीणा जमिनीवर ठेवीत नाहींत. एकाच्या गळ्यांतून ती दुसऱ्याच्या गळ्यांत जातांना देणारा व घेणारा एकमेकांस वंदन करितात. गांवोगांवच्या अखंड हरिनाम सप्ताहांत सात दिवस व सात रात्री वीणा अखंड उभी ठेवतात; त्यासाठीं पहारे वांटून दिलेले असतात आणि मध्यरात्रीचा पहारा तरुणांकडे येतो. असा पहारा ज्यानें एकदां केला, त्याच्या कानांत तो सूर जन्मभर राहतो. हा आचार म्हणजे शिक्षणाचीच एक व्यवस्था आहे. तीस शाळा नाहीं, पण खंड नाहीं.

वीणेस कारागिराचेंहि पाठबळ आहे. मिरज येथें एकोणिसाव्या शतकापासून सतारी व तंबोरे करणारीं घराणीं नांदत आहेत आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. या वाद्यांस लागणारे मोठे कडू भोपळे पंढरपूर व मंगळवेढें या बाजूस, भीमेच्या खोऱ्यांत, पिकवितात. इंदापूरच्या उत्तरेकडून वाहणारी भीमा नीरा नरसिंहपुरास नीरेस मिळून पुढें त्याच प्रदेशांत जाते. सारांश, वीणेच्या मागें पंथ आहे, पेठ आहे व पीकहि आहे.

तुणतुण्याच्या मागें यांतलें काय आहे? गोंधळ्याच्या घरीं खंडेनवमीस त्याची पूजा होते, एवढा आचार आहे. परंतु तें करणारी प्रसिद्ध पेठ नाहीं; गांवचा सुतार किंवा वादक स्वतःच तें करितो. त्याच्या वादकास दिंडींतील मान नाहीं. तें टिकलें तें बिदागीवर, आणि बिदागी आटली कीं तें खुंटीस टांगलें जातें.

६. सुरत्या

फडांत तुणतुणें वाजविणारास सुरत्या म्हणतात. सूर धरणें व झील देणें हीं त्याचीं दोन कामें. तो शाहिराच्या मागें उभा राहतो, म्हणून पाहणारास तो गौण वाटतो. परंतु त्याचें शिक्षण पाहिलें तर हा समज टिकत नाहीं. नवख्या पोरास प्रथम शाहिराच्या गळ्याची पट्टी ओळखून तार तिला मिळवावी लागते. मग शाहीर गद्य बोलत असतां लय न सोडण्याचें शिकावें लागतें. हें सर्वांत अवघड, कारण बोलणाऱ्याच्या ओघाबरोबर हात वाहवत जातो. मग कोणत्या शब्दावर झील उचलावयाची व कोठें सोडावयाची हें पाठ करावें लागतें. झील उचलण्यासाठीं ओळ कोठें संपते तें आधीं ठाऊक असावें लागतें. म्हणजेच सुरत्यास सर्व पोवाडे शाहिराइतकेच मुखोद्गत होतात. फडांत शाहीर हें पहिलें बाड असेल, तर सुरत्या ही त्याची दुसरी प्रत होय.

संशोधकास या दुसऱ्या प्रतीचें मोल कळावें. हॅरी आर्बथनॉट अॅक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ १८९१ साली छापले, ते मिळविण्यास गोंधळ्यांच्या मुखाचा आश्रय करावा लागला. यशवंत नरसिंह केळकर यांनीं ‘ऐतिहासिक पोवाडे’ याचा पहिला भाग १९२८ साली काढिला व त्या विषयास टीपा आणि ऐतिहासिक छाननी यांची शिस्त लावली. या उभय ग्रंथांचे उपकार केवढे आहेत हें वेगळें सांगावयास नको. अफझुलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा व सिंहगडावरील तुळशीदासाचा पोवाडा आज वाचावयास मिळतो तो अशाच परिश्रमांमुळें. तथापि छापील पानावर आलें तें शाहिराच्या तोंडचें. सुरत्याच्या हातचें आलें नाहीं. एखादी ओळ वृत्तांत लंगडी दिसते, ती खरोखर लंगडी असते कीं तेथें झिलीचे शब्द भर घालीत असत, हें नुसत्या पानावरून ठरत नाहीं. संपादक अक्षर घालून ओळ सरळ करितो व शुद्ध पाठ केला असें मानितो. वस्तुतः तेथें तुणतुण्याचे दोन आघात असावयाचे, असेंहि संभवतें.

जुन्या बाडांत पट्टीचा निर्देश नसतो याचेंहि कारण येथेंच सांपडतें. ‘काळी चार’, ‘पांढरी पांच’ ही भाषा पेटीच्या पट्ट्यांवरून आली, आणि पेटी आपल्याकडे पसरली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. तत्पूर्वीं शाहिराचा गळा हीच पट्टी होती व तुणतुण्याची खुंटी तिची नोंद ठेवीत असे. ती नोंद दर रात्रीं नव्यानें होई व पहाटे पुसली जाई.

पेटीनें फडांत व कीर्तनांत प्रवेश केल्यावर सुरत्याचें काम हलकें झालें, पुढें विजेवर चालणाऱ्या श्रुतिपेटीनें तें आणखी हलकें केलें. पुष्कळ ठिकाणीं आतां तुणतुणें पोशाखाचा भाग म्हणून हातीं धरतात, आणि सूर दुसरीकडूनच येतो. पेटीचा सूर स्थिर आहे हें मान्य; पण तिचा सूर गळ्याबरोबर चढत वा उतरत नाहीं. गळ्यानें तिच्या मागें जावयाचें असतें. तुणतुण्याच्या काळीं वाद्य गळ्याच्या मागें जाई. हा फरक कानांनीं ऐकल्याखेरीज कळत नाहीं, आणि ऐकविणारा हात उरला नाहीं तर कळणारहि नाहीं.

भारतांत ध्वनिमुद्रणास १९०२ सालीं कलकत्त्यास आरंभ झाला. त्यापूर्वींचा एकहि शाहीर आपणांस ऐकतां येत नाहीं. राम जोशी नाहीं, होनाजी नाहीं, प्रभाकर नाहीं. त्यानंतरच्यांचें भाग्य निराळें. अण्णाभाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांसह १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारणारे शाहीर अमर शेख हे १९६९ साली इंदापुराजवळच अपघातांत वारले. त्यांचा आवाज मात्र यंत्रानें कांहीं अंशीं राखून ठेविला आहे. दोहोंतील अंतर गुणांचें नाहीं, केवळ साधनाचें आहे. आणि तें साधन आज प्रत्येकाच्या खिशांत आहे.

७. संग्राहकांस विनंती

इंदापूर तालुक्यांतील पळसदेव येथील जुनें शिवमंदिर उजनी धरणाच्या पाण्यांत गेलें. धरण १९८० साली पुरें झालें. पाणी ओसरलें कीं तें मंदिर अजून वर दिसतें, आणि अभ्यासक जाऊन त्याचीं मापें घेऊं शकतात. दगडाचें असें आहे. तो बुडूनहि परत येतो. तारेचा सूर बुडाला कीं परत येत नाहीं. कातडें सडतें, लांकूड किडतें, तार गंजते. जुन्या तुणतुण्याचा सांगाडा सांपडला तरी त्यावरून तें कोणत्या सुरांत व कोणत्या लयीनें वाजे हें सांगतां येणार नाहीं.

म्हणून गोंधळ्याच्या, वाघ्याच्या किंवा शाहिराच्या घरून बाड मिळवितांना पुढील गोष्टी त्याच वेळीं टिपून घ्याव्या, अशी आमची संग्राहकांस विनंती आहे. पहिली गोष्ट मापांची : नळकांड्याची उंची व व्यास, काठीची लांबी, लांकूड कोणतें, कातडें कोणतें, तार कशाची. दुसरी गोष्ट सुराची : वादकानें स्वतः लावलेला सूर जसाच्या तसा ध्वनिमुद्रित करावा, आपल्या पेटीस तो मिळवावयास सांगूं नये. तिसरी गोष्ट परंपरेची : वाद्य कोणी केलें, वाजविणें कोणापासून आलें, कोणत्या प्रसंगीं वाजतें. चौथी गोष्ट झिलीची : बाडांतील निदान एक पोवाडा संपूर्ण म्हणवून घेऊन झिलीचा प्रत्येक शब्द जागच्या जागीं लिहावा. या नोंदी बाडाच्याच क्रमांकाखालीं ठेवाव्या. निराळ्या ठेविल्यास पुढील पिढीस त्या एकमेकांच्या आहेत हें कळणार नाहीं. आणि वादक तरुण असो वा वृद्ध, त्यास योग्य बिदागी द्यावी व त्याच्या संमतीनें त्याचें नांव नोंदीवर घालावें. बाडाच्या लेखकाचें नांव आपण शोधून काढितों. समोर उभ्या असलेल्या माणसाचें नांव गाळणें योग्य नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगणें भाग आहे, जरी ती संग्राहकांस रुचणार नाहीं. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं हौसेनें व कष्टानें जो वस्तुसंग्रह जमविला, त्यांत वाद्यांचें दालन मोठें आहे, आणि तो संग्रह झाला नसता तर कित्येक घडणी आपणांस पाहावयासहि मिळाल्या नसत्या. अशा संग्रहांत टाकलेलीं, मोडकीं व वापरांतून गेलेलीं वाद्यें अवश्य जावीं. परंतु जें तुणतुणें अजून वाजत आहे तें संग्रहासाठीं मागूं नये. गरजेपोटीं तें घरचे लोक देतीलहि. पण त्या दिवशीं आपल्या कपाटांत एक वस्तु वाढते आणि त्या गांवांतला एक सूर कमी होतो. संग्रहास नमुना हवाच असेल तर त्याच करणाराकडून नवीन करवून घ्यावा. त्यानें नमुनाहि मिळेल व करणारास कामहि मिळेल.

वीणा जमिनीवर ठेवूं नये असा दंडक वारकऱ्यांनीं घातला व ती राखली. तुणतुण्यासाठीं असा दंडक कोणी घातला नाहीं. तो आतां बाडें जमविणारांनीं स्वतःपुरता घालून घ्यावा: बाड हातीं आलें कीं आधीं तें कोणाच्या सुरावर म्हटलें जाई हें विचारावें, आणि तो सूर धरणारा हात अद्याप कोठें असेल तर त्याची नोंद झाल्यावांचून तें बाड नोंदलें असें समजूं नये.